ग्रुप फोटोतलं पांढरं लुगडं, काळं लुगडं

प्रश्न : आमच्याकडे साधारण १८९५ चा, जाड कार्डावर चिकटवलेला घरचा ग्रुप फोटो आहे. खुर्चीवरच्या एका बाईचं लुगडं पांढरंफटक दिसतं, शेजारचीचं काळंकुट्ट. पांढऱ्या लुगड्यातली विधवा, असं घरात सगळे धरून चालतात. ते बरोबर आहे का? — एक वाचिका, सांगली

उत्तर : लुगड्याच्या रंगावरून हे ठरवू नका, कारण खरी गोष्ट नेमकी उलटी असू शकते. त्या काळच्या काचेच्या प्लेटवर निळा-जांभळा प्रकाश चटकन उमटे, लाल जवळजवळ उमटतच नसे. त्यामुळे आकाशी लुगडं छापात पांढरं येतं आणि लाल लुगडं काळं. सोवळ्या, म्हणजे केशवपन केलेल्या, ब्राह्मण विधवेचं लुगडं, म्हणजे आलवण, लालच असायचं, म्हणजे ते काळं दिसणार. पण सवाष्णीचा लाल शालूही तसाच काळा येतो. म्हणून आधी कपाळ, गळा आणि मनगटं बघा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दिव्याचा उजेड बाजूने, तिरका पाडा. कुंकू काळ्या ठिपक्यासारखं दिसतं. ते फिकट असलं किंवा दिसलंच नाही, तरी लगेच निष्कर्ष काढू नका. चेहऱ्यावरचे डाग झाकायला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत, आणि पेन्सिल लागलेली जागा छापात उजळते. मंगळसूत्र आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या जास्त भरवशाच्या. डोक्यावरचा पदर एकटा पुरावा होत नाही, कारण मराठा घरांत सवाष्णीही तो घेत. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. तसाच स्कॅन करा.

प्रश्न : त्याच फोटोत पणजोबांच्या हाती पुस्तक आहे, टेबलावर घड्याळ, मागे खांब आणि बाग. म्हणजे घर सुखवस्तू होतं ना?

उत्तर : खांब आणि बाग बहुधा रंगवलेल्या पडद्यावरची. पडदा सतरंजीला टेकतो तिथे सुरकुती किंवा सरळ रेघ सापडेल. टेबल, घड्याळ, बरेचदा पुस्तकसुद्धा स्टुडिओचंच असे. कार्डाच्या तळाशी छापलेलं स्टुडिओचं नाव वाचा आणि त्याच स्टुडिओचे दुसऱ्या घरांतले फोटो मिळवून पाहा. तीच खुर्ची तिथेही दिसली, तर ती तुमच्या घरची नव्हे. पुस्तक आपल्या हाती असावं असं पणजोबांना वाटलं, एवढं मात्र ते नक्की सांगतं, आणि मला तेही मोलाचं वाटतं.

माणसाचं स्वतःचं काय, तर पगडी, अंगठी, कोटावरची घड्याळाची साखळी आणि पायातलं. पायांकडे तर मुद्दाम बघा. सरकारी दरबारात विलायती बूट घालून आत जाता येई, देशी जोडा मात्र बाहेर काढावा लागे. धोतराखाली चकचकीत बूट दिसले तर त्यात हा मानही आला. सगळेच अनवाणी असतील तर त्याचा अर्थ गरिबी नव्हे. सतरंजीवर जोडे घालून बसत नसत. बूट घातलेल्यांच्या रांगेत एकटाच अनवाणी असेल, तर तो कोण हे शोधायला हवं.

पोशाख दर वेळी ऐपतच सांगतो असंही नाही. १० ऑक्टोबर १८८५ ला फिलाडेल्फियात काढलेल्या फोटोत तिथे डॉक्टरकी शिकणाऱ्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली आपापल्या देशाच्या वेषात आहेत. तिथे वेष देश सांगण्यासाठी आहे. त्यावरून त्यांच्या रोजच्या राहणीचा अंदाज बांधता येत नाही.

प्रश्न : आजोबांच्या कचेरीच्या ग्रुप फोटोत कडेचा माणूस अर्धा कापला गेला आहे. तो कोण असेल?

उत्तर : त्याच्या खांद्यावरून तिरका पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला दिसतो का बघा, दिसला तर तो पट्टेवाला. साहेब मधल्या खुर्चीत, कारकून मागे उभे आणि पट्टेवाले कडेला किंवा खाली, अशी मांडणी नेहमीची. कडेचा माणूस कापला गेला तो मात्र फोटो काढताना की नंतर फ्रेमच्या मापाला कार्ड छाटताना, हे तपासा. कार्डाच्या चारही कडा पाहा. कॅबिनेट कार्ड, म्हणजे त्या काळी फोटो चिकटवायचं नेहमीचं जाड कार्ड, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं असतं. तुमचं त्याहून अरुंद असेल आणि एकीकडची सोनेरी किनार गायब असेल, तर कात्री नंतर चालली आहे.