किड्यांचे कान आणि शाखेची निवड

प्रश्न: मी बारावीत आहे. जीवशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही आवडतं. रातकिडा पाय घासून आवाज काढतो, ते आवाज मी वर्षभर फोनवर रेकॉर्ड करते आहे; एक एमपी३ फाइल सोबत पाठवली आहे. कीटक कसे ऐकतात आणि त्यावरून मायक्रोफोन कसे बनवतात, यातच काम करायचं आहे. घरचे म्हणतात, एक काहीतरी धर, कीटकशास्त्र नाहीतर इंजिनिअरिंग. यात खरंच करिअर आहे का, आणि असलंच तर सुरुवात कुठून करू?

उत्तर: वाटा दोन आहेत, पण सारख्या सोप्या नाहीत. कंपन, सिग्नल आणि गणित पक्कं असलेला माणूस पदवीनंतरही कीटकांकडे वळू शकतो. उलट दिशेनेही लोक येतात, पण डिफरन्शियल इक्वेशन नव्याने शिकताना त्यांची चांगलीच दमछाक होते. म्हणून माझा कौल मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा भौतिकशास्त्राला. अपवाद एकच. रात्री झुडपाशेजारी तास न् तास न हलता बसणं तुला स्क्रीनसमोर बसण्यापेक्षा मनापासून आवडत असेल, तर जीवशास्त्राकडूनच ये. फक्त गणित सोडू नकोस.

हे का म्हणतो, ते एका माशीवरून समजेल. ऑर्मिया ओक्रेसिया ही माशी रातकिड्याच्या आवाजाचा माग काढत त्याच्यापर्यंत पोचते आणि त्याच्यावर अळ्या सोडते. तिच्या कानाच्या दोन पडद्यांमध्ये अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. आवाज अगदी बाजूने आला, तरी एका पडद्यावरून दुसऱ्यावर पोचायला त्याला दीड मायक्रोसेकंदाहून जास्त वेळ लागत नाही. रातकिड्याचा सूर साधारण ५ किलोहर्ट्झचा, म्हणजे तरंगलांबी सुमारे ७ सेंटिमीटर. एवढ्या लांब लाटेपुढे इतके जवळचे दोन कान म्हणजे जवळजवळ एकच कान. तरीही ही माशी सुमारे २ अंशांपर्यंत अचूक दिशा ओळखते.

१९९५ मध्ये रोनाल्ड माइल्स, डॅनियल रॉबर्ट आणि रोनाल्ड हॉय यांनी या कोड्याचं यांत्रिक उत्तर मांडलं. दोन्ही पडदे मधल्या एका ताठर पट्टीने सी-सॉसारखे जोडलेले असतात. एक दबला की दुसरा उचलला जाऊ पाहतो. या झोक्यामुळे दीड मायक्रोसेकंदाचा फरक पडद्यांच्या हालचालीत सुमारे ५० मायक्रोसेकंदांपर्यंत ताणला जातो. आता या तिघांकडे बघ: माइल्स मेकॅनिकल इंजिनिअर, बाकी दोघे जीवशास्त्रज्ञ. घरचे तुला ज्या दोनांपैकी एक निवडायला सांगताहेत, ते दोन्ही या एका शोधात लागले. पण तिघांपैकी प्रत्येकाचा एकेक विषय पक्का होता, हेही विसरू नकोस.

तुझ्या पत्रात एक चूक आहे. 'रातकिडा पाय घासून आवाज काढतो' असं तू लिहिलं आहेस. पाय पंखावर घासतात ते टोळ. रातकिडा पंखावर पंख घासतो. उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला दातेरी शीर असते, डाव्या पंखाच्या काठाला टणक कड. पंख मिटताना कड एकेका दात्यावरून सुटते आणि प्रत्येक दात्यामागे आवाजाची एक लाट निघते. सूर ५ किलोहर्ट्झचा असेल, तर कड सेकंदाला ५,००० दात्यांच्या वेगाने धावते आहे. पंखावरचा पातळ पारदर्शक भाग त्याच वारंवारतेला अनुनाद देतो, म्हणून आवाज खरखरीत न येता शुद्ध येतो. रातकिड्याचे कान मात्र खरोखरच पायांत असतात, पुढच्या पायांच्या नळीवर. गोंधळ बहुधा तिथूनच होतो.

आणि सगळ्या किड्यांचे कान पडद्याचे नसतात. नर डास केसाळ मिशांनी ऐकतो. मिशीच्या बुडाशी जॉन्स्टनचं इंद्रिय असतं, १८५५ मध्ये त्याचं वर्णन झालं. ते हवेचा दाब मोजत नाही, हवेच्या कणांची हालचाल मोजते, म्हणून त्याचा उपयोग मुख्यतः जवळच्या आवाजाला. दुसऱ्या टोकाला मधमाश्यांच्या मेणाच्या पोळ्यात वाढणारा 'ग्रेटर वॅक्स मॉथ' हा पतंग. त्याचे कान ३०० किलोहर्ट्झपर्यंत प्रतिसाद देतात, असं २०१३ मध्ये दाखवलं गेलं. दाब मोजायचा की वेग, आणि कुठल्या पट्ट्यात, हे दोन प्रश्न सेन्सर बनवणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी भेटतात.

शाखा ठरवण्याआधी दोन कामं करून बघ. दोन-तीन महिने लागतील.

पहिलं रेकॉर्डिंगचं. तू एमपी३ फाइल पाठवली आहेस, तिचा मोजमापाला फारसा उपयोग नाही. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, अशी सेटिंग असलेलं ॲप घे. नॉइज रिडक्शन आणि ऑटो गेन बंद कर. ती सोय माणसाच्या बोलण्यासाठी असते. एकसारखा चालणारा किर्र आवाज तिला पार्श्वभूमीचा गोंगाट वाटतो आणि नेमका किडाच पुसला जातो. तुझ्या फाइलमध्ये सुरुवातीला आवाज जोरात आणि पुढे दबत गेलेला आहे. किडा थकला म्हणून नव्हे, बहुधा याच कारणाने. फोन ३० सेंटिमीटरवर ठेव आणि मागे हो. पावलांची धमक जमिनीतून त्याला कळते, तो गप्प होतो, पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं घेतो. लाटेचे माथे सपाट कापलेले दिसले, तर ते क्लिपिंग. अशा वेळी ५ च्या तिप्पट, म्हणजे १५ किलोहर्ट्झवर एक ठळक रेघ दिसेल आणि ती किड्याची नसण्याची शक्यता मोठी. फोन लांब ने आणि पुन्हा घे.

मग ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार वारंवारता दाखवणारं चित्र, उघड. इथे बहुतेक जण फसतात. विंडो, म्हणजे एका वेळी तपासायच्या नमुन्यांची संख्या, ४०९६ ठेवलीस, तर एक चौकट ८५ मिलिसेकंदांची होते. रातकिड्याचा एक ठोका बऱ्याचदा २० मिलिसेकंदांच्या आसपास असतो, त्यामुळे शेजारचे ठोके मिळून एकच पट्टा दिसतो आणि 'हा सलग गातो' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. विंडो २५६ कर. चौकट ५.३ मिलिसेकंदांवर येईल, ठोके सुटे दिसतील, पण वारंवारता जवळजवळ १८८ हर्ट्झच्या पायऱ्यांत भरड होईल. वेळ आणि वारंवारता एकदम बारीक मिळत नाहीत. म्हणून ठोके मोजायला लहान विंडो, सूर मोजायला मोठी.

प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत तापमान लिही, आणि ते किड्याजवळचं. थंडीत ठोके मंदावतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ अमॉस डॉलबेअरने १८९७ मध्ये यावरूनच सूत्र दिलं: मिनिटातल्या किरकिरींतून ४० वजा कर, ७ ने भाग, १० मिळव, की अंश सेल्सिअस. (मूळ सूत्र फॅरनहाइटमध्ये होतं.) तुझ्या किड्याला ते लागू पडेलच असं नाही, कारण ते अमेरिकेतल्या, झाडांवर राहणाऱ्या रातकिड्याच्या एका जातीला जुळतं असं मानतात. तुझ्या जातीची रेघ तुलाच आखावी लागेल. निदान दहा वेगवेगळे किडे घे. एकाच किड्याची दहा रेकॉर्डिंग म्हणजे दहा नमुने नव्हेत. आणि 'हा नाकतोडा गप्प आहे' असं लिहिण्याआधी थांब. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये २४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच येत नाही, आणि लांब मिशांच्या नाकतोड्यांपैकी कित्येक त्याच्या वर गातात.

दुसरं काम माशीच्या कानाचं मॉडेल. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पुरे. १९९५ च्या मॉडेलचे आकडे घे: प्रत्येक बाजूचं वस्तुमान ०.२८८ मायक्रोग्रॅम, बाजूची स्प्रिंग ०.५७६ न्यूटन प्रति मीटर, मधली जोडस्प्रिंग ५.१८. आधी बाहेरचा आवाज आणि अवमंदन (डॅम्पिंग, म्हणजे कंपन विरवणारा रोध) दोन्ही शून्य ठेवून नैसर्गिक वारंवारता काढ. झोक्याची ७.१ किलोहर्ट्झ यायला हवी, दोन्ही बाजू एकदम वरखाली होण्याची ३१. दुसरी २२.५ आली, तर जोडस्प्रिंग दुप्पट धरायची विसरलीस. झोक्यात ती ताणलीच जात नाही, एकदम हालचालीत मात्र दोन्हीकडून ताणली जाते. हे चित्र काढून समजून घे, नुसता आकडा दुरुस्त करू नकोस. दोन्ही आकडे सुमारे ३२ पटींनी चुकले, तर मायक्रोग्रॅमचं किलोग्रॅम करताना घोळ आहे.

मग अवमंदन आणि दोन बाजूंना ५ किलोहर्ट्झचा आवाज दे. उशीर नमुने सरकवून देऊ नकोस. पायरी १ मायक्रोसेकंदाची असेल, तर १.४६ चा उशीर १ किंवा २ होतो आणि सगळं उत्तर बिघडतं. साइनच्या आतच कलाफरक (फेज) लिही. बाहेर येणारा उशीर आत दिलेल्याच्या कितीतरी पट दिसेल. ५० मायक्रोसेकंदच यायला हवेत असं नाही, अवमंदन बदललं की तो हलतो. किती हलतो, याचा आलेख काढ.

हाच आलेख खऱ्या अडचणीकडे नेतो. माशीला एकाच सुराशी मतलब आहे. श्रवणयंत्राला माणसाच्या बोलण्याचा अख्खा पट्टा हवा. मायक्रोफोनसाठी असा सिलिकॉनचा पडदा बनवताना थरांतला ताण राहिला की तो वाकतो. पडद्याची हालचाल मोजायला मागे जवळ प्लेट ठेवली, तर मधली हवा पिळली जाऊन अवमंदन वाढतं आणि त्यासोबत औष्णिक गोंगाटही. म्हणून काही रचनांत प्लेट काढून कडेला कंगव्यासारखे इलेक्ट्रोड देतात. असल्या तडजोडींत तुझं डोकं रमलं, तर इंजिनिअरिंग घे. पहिल्या कामात जास्त रमलीस, तर जीवशास्त्र.

करिअरबद्दल स्पष्टच सांगतो. 'कीटक-ध्वनी अभियंता' अशी जाहिरात तुला क्वचितच दिसेल. थेट या विषयातलं काम बहुतांशी संशोधनात, म्हणजे पीएचडीच्या वाटेने. पण तीच कौशल्यं मेम्स (सिलिकॉन चिपवरचे अतिसूक्ष्म) मायक्रोफोन, श्रवणयंत्रं, यंत्रांच्या कंपनांवरून बिघाड ओळखणं, आवाजावरून जंगलाची नोंद ठेवणं, यांत चालतात. डासांच्या पंखांच्या आवाजावरून जात ओळखण्याचं काम ऑक्सफर्डच्या हमबग प्रकल्पात फोनवर झालं आहे. ताडवर्गी झाडाच्या खोडातली सोंड्या भुंग्याची अळी कुरतडण्याच्या आवाजावरून पकडण्यावरही बरंच संशोधन आहे. पदवीत सिग्नल्स अँड सिस्टिम्स, कंपनशास्त्र आणि ध्वनिशास्त्र चुकवू नकोस. ऐच्छिक म्हणून संवेदी शरीरक्रियाशास्त्र मिळालं, तर घे.

पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून प्रयोगशाळांना लिही. 'मला कीटकांची आवड आहे' अशा ईमेलला बहुधा उत्तर येत नाही. एक वेव्ह फाइल, एक स्पेक्ट्रोग्राम, त्याखाली विंडो आणि तापमान, आणि अर्ध्या पानात काय चुकलं आणि कसं सापडलं, एवढंच जोड. लेझर व्हायब्रोमीटर वापरायला मिळेल का, हे शेवटच्या ओळीत विचार. पडद्याला हात न लावता त्याचं कंपन मोजणारं ते यंत्र या विषयातल्या बहुतेक प्रयोगशाळांत असतं, आणि ते चालवायला शिकलेला विद्यार्थी त्यांना हवाच असतो.