आधी कागद, मग विमान

मिरज

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बीएस्सी नर्सिंग झालं, दोन वर्षं आयसीयूत काढलीस, जर्मनचा क्लास लावलास, हे सगळं चांगलं आहे. पण एजंट म्हणतोय, 'आधी जाऊ, कागद तिथे बघू.' तसं जाऊ नकोस. जर्मनीत नर्सला परवाना मिळण्या-न मिळण्याचा बराचसा निकाल इथेच, तुझ्या कॉलेजच्या कार्यालयात लागतो.

सॉफ्टवेअरवाल्याला तिथे काम करायला सरकारी परवाना लागत नाही. नर्सचं तसं नाही. १ जानेवारी २०२० पासून लागू असलेल्या कायद्यानुसार रुग्णाला कोणती शुश्रूषा हवी हे ठरवणं, तिची आखणी करणं आणि तिचा दर्जा तपासणं ही कामं परवानाधारक नर्ससाठी राखीव आहेत. परवाना नसेल तर तू मदतनीस म्हणून काम करशील आणि पगारही मदतनिसाचाच मिळेल.

परवाना देणारं कार्यालय तुझ्या हातातलं कसब पाहत नाही, आधी तास मोजतं. तिथलं शिक्षण ३ वर्षांचं आहे: २१०० तास वर्गात आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचे. त्या २५०० पैकी हॉस्पिटल, वृद्धांची निवासी सेवा आणि घरी जाऊन केलेली शुश्रूषा यांचे प्रत्येकी ४०० तास ठरलेले आहेत. बालरोग आणि मानसोपचार प्रत्येकी १२०. आता तुझ्या मार्कशीटकडे बघ. तिच्यात गुण आहेत, तास नाहीत. शिवाय प्रसूती वॉर्डात तू घालवलेल्या कितीतरी दिवसांचा तिथे फारसा उपयोग होत नाही, कारण सुईणीचा व्यवसाय त्यांच्याकडे पूर्ण वेगळा आहे. उलट वृद्धसेवा आपल्याकडे मेडिकल-सर्जिकलच्या पोटात दडलेली असते, आणि कम्युनिटी पोस्टिंगमध्ये गावात घरोघर फिरलीस त्याची नोंद नुसती 'कम्युनिटी हेल्थ' म्हणून असते. ज्याची वेगळी नोंद नाही ते शिकलीच नाहीस, असं धरून चालतात.

म्हणून कॉलेजकडून तासांचं सविस्तर प्रमाणपत्र घे. लेटरहेडवर, प्राचार्यांची सही, गोल शिक्का. वर्षवार विषय, प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास, लॅबचे तास, वॉर्डातले तास, हॉस्पिटलचं नाव. वृद्धांच्या पोस्टिंगचे आणि घरभेटींचे तास स्वतंत्र ओळीत मागून घे. कार्यालयातले लोक बहुतेक वेळा अभ्यासक्रमाच्या पुस्तकातले आकडे उतरवून देतात. त्यावर समाधान मानू नकोस, आपली लॉगबुकं घेऊन समोर बस. पण केलेलंच लिहून घे. फुगवलेला आकडा आरोग्य विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टशी जुळला नाही, तर संशय सगळ्या फाइलवर येतो.

आयसीयूच्या नोकरीचं पत्रही असंच. 'अमुक ते अमुक काळ स्टाफ नर्स होत्या, वागणूक चांगली' एवढ्यावर काही होत नाही. विभाग, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, कामांची यादी हवी. अनुभवाने शिक्षणातली उणीव भरून काढता येते, कायद्यात तशी तरतूद आहे. पण पत्रात लिहिलेला अनुभवच धरतात.

आपल्या बाजूची एक अडचण त्यांना कळत नाही. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. तिथला कारकून शेवटचं नाव आडनाव समजतो आणि तुझ्या वडिलांचं नाव तुझं आडनाव होऊन बसतं. पासपोर्टवर वेगळं, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर वेगळं, असं झालं की फाइल थांबते. सगळे कागद पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपास, फरक असेल तिथे एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र कर. घरी लग्नाची बोलणी चालू आहेत म्हणतेस. लग्न खुशाल कर, पण परवाना हातात येईपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नकोस.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, ते बघ. गुड स्टँडिंगचं (कौन्सिलकडे तुझ्याविरुद्ध काही नाही असं) आणि पोलिसांचं प्रमाणपत्र मात्र सगळ्यात शेवटी काढ, कारण ती ताजी लागतात. भाषांतर कुणाकडून चालेल हे त्या कार्यालयाला आधी विचार. इथे पैसे भरून केलेलं भाषांतर तिथे पुन्हा करावं लागलेल्या मुली बऱ्याच आहेत.

आता हे कार्यालय कोणतं? जर्मनीत प्रत्येक राज्याचं वेगळं. तू जिथे नोकरी करणार तिथलं. म्हणून आधी नोकरीचं ठिकाण, मग अर्ज. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मनुष्यबळाचा करार केला, त्यामुळे सगळ्यांचा ओढा तिकडे आहे. करारामुळे नोकरीपर्यंत पोचणं सोपं होईल, पण परवान्याची अट सुटत नाही. नोकरी देणाऱ्या हॉस्पिटलला व्हिसा आणि मान्यतेच्या जलद प्रक्रियेबद्दल विचार. तिचं सरकारी शुल्क ४११ युरो आहे आणि कागद पूर्ण असले की साधारण दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. कागद अपुरे असतील तर हे दोन महिने सुरूच होत नाहीत.

निर्णय बहुधा अपुरेपणाचा येईल. घाबरू नकोस, तो नकार नसतो. कोणते विषय कमी पडले याची ती यादी असते, आणि त्याच्या आधारावर व्हिसा मिळतो. मग दोन वाटा: तिथे राहून ठरावीक काळाचं पूरक प्रशिक्षण, ज्याच्या शेवटी मुलाखतीसारखं संभाषण होतं; किंवा तोंडी आणि प्रत्यक्ष रुग्णाजवळची परीक्षा. ही परीक्षा नापास झालीस तर एकदाच पुन्हा देता येते. २०२४ पासून तासांची तुलना सोडून थेट या दोहोंपैकी एक वाट धरण्याची मुभा आहे. कॉलेज बंद पडलेल्यांसाठी ती उत्तम आहे. तुझे कागद मिळण्यासारखे आहेत, तू तुलना करून घे. यादी छोटी आली तर प्रशिक्षणही कमी राहील.

परीक्षेत आपल्या मुली सुई टोचताना अडत नाहीत. अडतात त्या शुश्रूषेची आखणी जर्मनमध्ये लिहिताना, आणि रुग्णाला अंघोळ घालताना त्याच्याशी बोलताना. आपल्याकडे अंघोळ, जेवण भरवणं हे नातेवाईक किंवा वॉर्डातल्या आयाबाई करतात. तिथे ते नर्सचंच काम आहे आणि ती माणसाची स्थिती ओळखण्याची वेळ मानतात. मनाची ही तयारी नसेल तर जाऊच नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगते.

परवान्यासाठी भाषा साधारण बी२ पर्यंत लागते (ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांतली चौथी). शून्यापासून ६०० ते ८०० तासिका धर. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे जर्मन भाषेच्या संस्थेत, परीक्षा होते. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं हे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत, आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. ड्यूटी करून शिकणाऱ्यांचं ऐकणं आणि बोलणं मागे राहतं. आपल्या दवाखान्यात विजापूर-बेळगावकडचे पेशंट येतात, त्यांच्याशी तू कन्नडमध्ये 'कुठं दुखतं' विचारायला शिकलीसच ना? तसंच, रोज एका पेशंटची अवस्था जर्मनमध्ये मोठ्याने सांग, पुढच्या पाळीला चार्ज देतो तशी.

एजंटचं नाव ई-मायग्रेटच्या, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या केंद्र सरकारच्या संकेतस्थळाच्या, यादीत शोध. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. करारात 'मध्येच सोडल्यास परतफेड' असा मुद्दा असेल तर रक्कम आणि मुदत आकड्यात हवी, आणि परवान्याच्या परीक्षेचा खर्च व रजा कोण देणार हेही लिहिलेलं हवं. सही करण्याआधी करार मला पाठव.

तासांच्या प्रमाणपत्राचा अर्ज मात्र या आठवड्यातच दे. परीक्षा सुरू झाल्या की कार्यालयात कुणी दाद देत नाही. अर्जाच्या दोन प्रती ने, आणि दुसरीवर तारखेसह पोच घे.

तुझी,
मावशी