कंडक्टर त्या जाड पुस्तकात बघतो तरी काय?

प्रश्न: सर नमस्कार, आमचा घरचाच लग्नाचा बँड आहे, पप्पा क्लॅरनेट वाजवतात, मी ट्रम्पेट. आमच्यात कागद कोण बघत नाही, गाणं मोबाईलवर चारदा ऐकलं की बसलं. यूट्यूबवर तो ऑर्केस्ट्राचा कंडक्टर बघितला, तो म्हणे आठवडेच्या आठवडे जाड पुस्तक घेऊन बसतो. स्वतः एक सूर वाजवायचा नाही, मग एवढं काय बघतो ओ?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: त्या पुस्तकाला स्कोअर म्हणतात. एका पानावर सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक, वर बासरी-ओबो, मध्ये ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, तळाला व्हायोलिन-चेलो. वाजवणाऱ्यापुढं फक्त त्याची ओळ असते, अख्खं पान कंडक्टरच्या एकट्याच्याच समोर, आणि ते त्याला डोक्यात वाजवून बघावं लागतं. त्यात परत पप्पांचं क्लॅरनेट बी फ्लॅटचं असेल तर कागदावर पेटीची पांढरी एक आणि ऐकू येते काळी पाच, हॉर्नचं अजून तिसरंच, हा हिशोब मनातल्या मनात.

जर्मन संगीतकार बेथोव्हेनची पाचवी सिंफनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, घ्या, 1808 साली पहिल्यांदा वाजलेली, ते 'टटटटां' ऐकलंच असेल तुम्ही. ती सुरू होते गप्प बसण्यानं! पहिली खूणच शांततेची, मग तीन छोटे सूर आणि चौथा लांब. म्हणजे हात खाली येतो तेव्हा कोणच वाजवत नाही, हाताला धरून पुढचं उचलायचं, हात जरा ढिला पडला की पन्नास जण पन्नास जागी. लांब सुरावर थांबायची खूण आहे पण किती वेळ ते लिहिलेलंच नाही, ते यानं घरी बसून ठरवायचं. तोच तुकडा लगेच परत येतो, तिथं लांब सुराला बेथोव्हेननं एक बार, म्हणजे तालाचा एक कप्पा, जास्त दिलाय, म्हणजे हा थांबा पहिल्यापेक्षा मोठा पाहिजे, घाईत बघणाऱ्याच्या हे लक्षातसुद्धा येत नाही.

लयीचं तर भांडणच आहे. 1817 ला बेथोव्हेननं मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या टिकटिक यंत्राचे, आकडे छापले, इथं मिनिटाला 108 बार, लई पळतं ते, म्हणून काहीजण आकडा बाजूला ठेवून सावकाश घेतात. मला पळतीच आवडते, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत मागून ढकलत नेल्यासारखी.

स्कोअर नेटवर फुकट मिळतो, पहिलं पान प्रिंट काढा. सुरुवातीलाच एवढा दणका वाटतो ना, पण वाजवतात फक्त तंतुवाद्यं आणि दोन क्लॅरनेट, तुमचं ट्रम्पेट गप्प! वरून तिसरी ओळ पप्पांना दाखवा.