विकत घेतलेला गेम स्लो इंटरनेटवर दर वेळी अपडेट आणि लायसन्स का मागतो? यावर काही उपाय आहे का?

तुमचं म्हणणं असं की पैसे मोजून घेतलेला, एकट्याने खेळायचा गेम नेट बंद असताना उघडत नाही, आणि नेट आलं की आधी कित्येक जीबीचं अपडेट मागतो. कंपनीला अशी सक्ती करता येते का आणि यातून वाट कशी काढायची, हे तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं ४ एमबीपीएसच्या लाइनवर गेम खेळत आलो आहे, त्यामुळे तुमचा वैताग मला पुरेपूर कळतो.

लायसन्स तपासणं आणि अपडेट उतरवणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. लायसन्स तपासताना तुमचं खातं आणि गेम यांची नोंद जुळते का, एवढंच सर्व्हरला विचारलं जातं. रडतखडत चालणाऱ्या नेटवरही ते लगेच उरकतं. घोळ होतो तो लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारा दुकानाचा किंवा कंपनीचा प्रोग्राम, ही दोन्ही कामं एकाच बटणाला बांधतो म्हणून. नवं अपडेट आल्याचं त्याला कळलं की 'खेळा' हे बटण जातं आणि त्या जागी 'अपडेट' येतं. डिस्कवरची कालची आवृत्ती धडधाकट असते, पण तिच्यापर्यंत पोहोचायची वाट बंद होते. ऑनलाइन सामन्यात सगळ्यांची आवृत्ती सारखी लागते, ते समजू शकतं. एकट्याने खेळायच्या गेमला मात्र ही अट लावायचं काहीच कारण नाही, आणि ज्याचं नेट हळू आहे त्याच्यावर हा सरळसरळ अन्याय आहे.

तांत्रिक गरज आहे म्हणून ऑनलाइन राहावंच लागेल, हा दावा मी आता सहजासहजी मानत नाही. मार्च २०१३ मध्ये आलेला सिमसिटी सतत ऑनलाइन राहिल्याशिवाय चालत नव्हता. सुरुवातीलाच सर्व्हर कोलमडले आणि विकत घेतलेल्यांना खेळता येईना. वर्षभराने त्याच गेमला ऑफलाइन मोड मिळाला.

कंपनीला हे करता येतं का? बहुतेक ठिकाणी येतं, कारण तुम्ही गेम नाही, तो वापरायचा परवाना घेतलेला असतो. द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, आणि एकट्याने खेळायचा भागही त्यांच्यावरच अवलंबून असल्यामुळे डिस्क घेतलेल्यांच्या हाती निरुपयोगी डिस्क उरली. त्यातूनच स्टॉप किलिंग गेम्स ही चळवळ उभी राहिली आणि युरोपीय संघातल्या तिच्या अर्जाला २०२५ मध्ये १० लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकानाला 'खरेदी करा' असं लिहिता येत नाही. या कायद्याने सक्ती थांबत नाही, पण निदान पैसे देण्याआधी खरं काय ते कळतं.

आता अपडेटच्या आकाराकडे येतो, कारण स्लो नेटवर सगळा जीव तिथेच जातो. ४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा एमबी. ६० जीबीला ३३ तासांहून जास्त लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. बदल दोन ओळींचा आणि अपडेट २० जीबीचं, असं का होतं? पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाचं उदाहरण घ्या. ते फाइलींचे साधारण १ एमबीचे तुकडे करतं आणि जे बदलले तेवढेच पाठवतं. पद्धत चांगली आहे. पण गेम बनवणाऱ्यांनी सगळं चित्र-ध्वनी एकाच अवाढव्य फाइलीत कोंबलं असेल आणि नव्या आवृत्तीत आतला क्रम हलला, तर जवळजवळ सगळेच तुकडे बदललेले दिसतात. मग तुम्हाला जवळपास पूर्ण फाइल पुन्हा उतरवावी लागते. तुकडे उतरल्यावर ती फाइल तुमच्या डिस्कवर नव्याने जुळवली जाते, त्यासाठी मोकळी जागाही तेवढीच लागते. म्हणून छोट्या अपडेटलाही कधी कधी 'डिस्कवर जागा नाही' असं उत्तर मिळतं.

स्टीमच्या डाउनलोड पानावर हे डोळ्यांनी बघता येतं. निळे खांब नेटचे, हिरवी रेघ डिस्कची. निळं शून्यावर आलं आणि हिरवं वर चढलेलं असेल, तर डाउनलोड अडकलेलं नाही, जुळवणी चालू आहे. अशा वेळी अनेक जण नेट गेलं समजून मशीन बंद करतात आणि चालू असलेल्या कामात खोडा घालतात. हात लावू नका, होऊ द्या.

आकार कमी करणं बनवणाऱ्यांच्या हातात असतं, हेही पुन्हा पुन्हा दिसलंय. हेलडायव्हर्स २ ची पीसी आवृत्ती १५४ जीबीच्या आसपास गेली होती, कारण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर लवकर लोड व्हावं म्हणून तोच डेटा अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवला होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ती पुनरावृत्ती काढली आणि गेम २३ जीबीवर आला. वरचे १३० जीबी तोपर्यंत ज्याने ४ एमबीपीएसवर उतरवले असतील, त्याचे तीन दिवस उगाच गेले.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. गेम पूर्ण अपडेट झाला की तो एकदा ऑनलाइन उघडा, मुख्य मेनूपर्यंत जाऊन बंद करा आणि मग लाँचरच्या मेनूतून ऑफलाइन मोड निवडा. ही पायरी नेट चालू असतानाच करायची. नंतर नेटची वायर काढून गेम खरंच उघडतो का ते बघा. नेट जाण्याआधी ही परीक्षा घेतलेली बरी. माझ्याकडच्या एका गेमने नेट दिवसभर बंद असताना 'मालकी तपासता आली नाही' एवढंच वाक्य दाखवलं होतं. त्यानंतर कुठलाही नवा गेम मी आधी वायर काढून तपासतो. डेनुवोसारखं, चोरटी नक्कल रोखणारं संरक्षण असलेले गेम पहिल्यांदा नेट मागतातच, आणि मोठं अपडेट आलं किंवा मशीनचा भाग बदलला तर पुन्हा मागू शकतात.

'खेळायला उघडल्यावरच अपडेट करा' ही सेटिंग बाकीच्या गेमना लावा, म्हणजे जो खेळायचा नाही तो गेम तुमचं नेट खाणार नाही. पण तिने अपडेट फक्त लांबतं, टळत नाही. स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटा नावाचा भाग असतो. काही बनवणारे तिथे जुन्या आवृत्त्या ठेवतात, त्यातली एक निवडली की तिच्यावर थांबता येतं. शिवाय स्टीमचं स्वतःचं संरक्षण वापरायचं की नाही हे बनवणाऱ्यांवर असतं, त्यामुळे कित्येक गेम फोल्डरमधली मूळ फाइल थेट उघडली तरी चालतात, लाँचरची गरजच पडत नाही.

मित्राकडे तोच गेम असेल तर दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर जोडा. २०२३ पासून स्टीम त्याच्या मशीनवरून फाइली घेऊ देतं, इंटरनेटला धक्का न लावता. सोनीच्या पीएस ५ या गेमिंग कन्सोलवर 'कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले' चालू आहे का बघा. ते बंद असलं की डिजिटल गेम नेटशिवाय अडतात. निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलची गेम-की कार्ड मात्र टाळा. त्या कार्डात गेम नसतो, तो सगळा उतरवावाच लागतो.

माझी स्वतःची पद्धत आता अशी आहे: एखादा गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात मिळत असेल तर मी तिथूनच घेतो. तिथे ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवला की नंतर कुणाला विचारावं लागत नाही, आणि अपडेट घ्यायचं की नाही हे मी ठरवतो.

परताव्याचंही ध्यानात ठेवा. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवस आणि २ तासांपेक्षा कमी खेळ, अशी मर्यादा आहे. काही गेम स्टीममधून छोटासा लाँचर उतरवतात आणि खरा डेटा त्या लाँचरमधून आणतात. तो लाँचर चालू असतानाचा वेळ खेळलेला वेळ म्हणून मोजला जातो. स्लो नेटवर दोन तास नुसत्या डाउनलोडमध्ये जातात. असं दिसलं तर लाँचर लगेच बंद करा, पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि मर्यादा ओलांडायच्या आतच परतावा मागा.