जर्मन येतं, पण कीबोर्डवर हात अडतो

"सर, जर्मन येतंय हो मला. पण त्या कीबोर्डासमोर बसलं की डोकं रिकामं होतंय. पेपरवरच द्यावी का परीक्षा?"

कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) जर्मनीला जायचं, त्यासाठी बी-टू पातळीचं (भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी चौथीचं) प्रमाणपत्र हवं. दीड वर्ष क्लास झालेला, घरी सराव करून पाहिलेला, आणि परीक्षा दोन महिन्यांवर. तेवढ्यात बॅचमधली एक मुलगी लेखनात नापास झाली आणि ग्रुपवर लिहून मोकळी झाली, "कॉम्प्युटरनं घात केला." तेव्हापासून हिची झोप उडाली. आता टायपिंग क्लास लावायचा, तीस शब्दांची सरकारी टायपिंग परीक्षा द्यायची, मग जर्मनची, असा तिचा बेत होता.

हा प्रश्न राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंतची मुलं-मुली आता सारखा विचारतात. बहुतेकांनी दहावीनंतर एमएस-सीआयटी केलेलं असतं, पण त्यानंतर सगळं लिहिणं मोबाईलवर, अंगठ्यानं. "काही होत नाही, घाबरू नका" हे उत्तर इथं निरुपयोगी आहे, कारण भीतीत तथ्य असू शकतं. किती तथ्य आहे, ते मोजावं लागतं.

पहिल्या भेटीत आधी एक गैरसमज दूर केला. मशीनशी बोलायला लागेल, हेडफोनमधून प्रश्न येईल आणि घड्याळ उलटं धावत असताना उत्तर रेकॉर्ड करायचं, असं तिनं कुठूनसं ऐकलं होतं. ते वर्णन डिजिटल टेस्टडाफचं आहे. ती विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांची वेगळी परीक्षा. तिला द्यायची होती ती ग्योथे-त्सेर्टिफिकाट बी-टू, म्हणजे जर्मनीच्या ग्योथे संस्थेची परीक्षा. ती डिजिटल पद्धतीनं, म्हणजे कॉम्प्युटरवर दिली तरी बोलण्याचा भाग परीक्षकांसमोरच होतो: सुमारे १५ मिनिटं, आधी तयारीला १५ मिनिटं, एक छोटं भाषण आणि मग जोडीदाराशी चर्चा. कॉम्प्युटर येतो तो वाचन (६५ मिनिटं), ऐकणं (सुमारे ४० मिनिटं) आणि लेखन (७५ मिनिटं) या तीन भागांत. प्रत्येक भाग १०० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला ६० हवेत, आणि चारही भाग सुटे. एकात अडखळलात तर तेवढाच पुन्हा देता येतो. हे ऐकून ती खुर्चीत जरा मागे टेकली.

मग टायपिंग क्लासचा हिशोब. लेखनात दोन कामं असतात: चर्चेत आपलं मत मांडणारा किमान १५० शब्दांचा मजकूर, आणि कामाच्या ठिकाणचा एखादा औपचारिक निरोप, किमान १०० शब्दांचा. एकूण २५० शब्द, ७५ मिनिटांत. मिनिटाला साडेतीन शब्दसुद्धा नाहीत. मिनिटाला दहा शब्दांचा अगदी रडतखडत वेग असला तरी बोटांचं काम २५ मिनिटांत संपतं, उरलेली ५० मिनिटं विचाराला. तीस शब्दांचा वेग कमवायला सहा महिने घालवणं म्हणजे रंकाळ्याला चक्कर मारायला मॅरेथॉनची तयारी करण्यासारखं.

"मग माझं घोडं अडतंय कुठं?"

त्यासाठी तिला घरून चार मोजमापं करून आणायला सांगितलं. घरी कुणाहीकडे फोनचं घड्याळ असतं, तेवढं पुरे. एक, जर्मन पुस्तकातला १५० शब्दांचा उतारा हातानं नकलायचा. दोन, तोच उतारा टाइप करायचा. तीन, एका विषयावर स्वतःच्या मनानं १५० शब्द हातानं लिहायचे. चार, तशाच अवघड दुसऱ्या विषयावर १५० शब्द थेट टाइप करायचे.

आकडे आले ते असे. नक्कल हातानं ९ मिनिटं, टाइप करून १५. स्वतःचं लेखन हातानं ४८ मिनिटं, टाइप करून ७१. परीक्षेत १५० शब्दांच्या या कामाला ७५ पैकी साधारण ५० मिनिटं मिळतात, म्हणजे हातानं ती वेळेत होती आणि कॉम्प्युटरवर २१ मिनिटं उशिरा. पण नकलेतला फरक फक्त ६ मिनिटांचा. बोटांमुळे जाणारा वेळ एवढाच. स्वतःच्या लेखनात फरक २३ मिनिटांचा. मधली १७ मिनिटं कुणी खाल्ली?

सहा मिनिटांचा भाग सोपा आहे, तो आधी सांगतो. तिच्या उताऱ्यात १९ ठिकाणी उमलाउट किंवा एसत्सेट होतं, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेले ए, ओ, यू आणि ते बी सारखं दिसणारं दुहेरी एस. प्रत्येक वेळी ती इंटरनेटवरून अक्षर कॉपी करून आणत होती. दुसरं, मोठी अक्षरं. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं, त्यामुळे इंग्रजीपेक्षा दुप्पट-तिप्पट वेळा तो प्रसंग येतो. ती दरवेळी कॅप्स लॉक दाबायची, अक्षर टाइप करायची, पुन्हा कॅप्स लॉक. स्वतःचं स्वतः शिकलेल्या बऱ्याच लोकांची ही सवय असते. इंग्रजी अर्जात ती खपून जाते, जर्मनमध्ये महाग पडते. एकदा कॅप्स लॉक काढायचं राहिलं की अख्खी ओळ पुन्हा. उपाय साधा: डाव्या बाजूचं अक्षर असेल तर उजव्या करंगळीनं शिफ्ट, उजव्या बाजूचं असेल तर डाव्या. आठवडाभर रोज दहा मिनिटं नुसती नामांची यादी टाइप केली की हात वळतो.

अक्षरांसाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा या भागात जाऊन जर्मन भाषा आणि तिचा कीबोर्ड जोडायचा. मग विंडोज बटण आणि स्पेस बार एकत्र दाबून इंग्रजी-जर्मन अदलाबदल होते. जर्मन मांडणीत पी च्या उजवीकडे यू-उमलाउट, एल च्या उजवीकडे ओ-उमलाउट आणि त्याच्या पुढं ए-उमलाउट, शून्याच्या उजवीकडे एसत्सेट. गोची अशी की वाय आणि झेड यांच्या जागा बदलतात, आणि प्रश्नचिन्ह शिफ्ट धरून एसत्सेटवर जातं. पहिले चार दिवस "त्साइट" म्हणजे वेळ हा शब्दच वाकडा उमटतो. केंद्रावर कोणत्या मांडणीचा कीबोर्ड मिळेल आणि विशेष अक्षरं कशी टाइप करायची, हे नोंदणी करतानाच मेल टाकून विचारायचं आणि शेवटचे पंधरा दिवस त्याच मांडणीवर सराव करायचा. जोडीला जुना मार्ग हाताशी ठेवायचा: आल्ट दाबून ठेवून आकड्यांच्या वेगळ्या पॅडवर ०२२८ टाइप केलं की ए-उमलाउट, ०२४६ ला ओ, ०२५२ ला यू, ०२२३ ला एसत्सेट. छोट्या लॅपटॉपला ते पॅड नसतं, तिथं हा मार्ग बंद.

आता ती १७ मिनिटं. दुसऱ्या भेटीत तिला माझ्यासमोरच टाइप करायला बसवलं आणि ती जितक्या वेळा मजकूर पुसते तितक्या रेघा कागदावर ओढल्या. एकतीस. हातानं लिहिलेल्या निबंधात खाडाखोड होती सहा ठिकाणी. पडद्यावर पुसलेलं दिसत नाही, म्हणून पुसायला काही वाटत नाही, आणि माणूस पुसत सुटतो. "वाइल" म्हणजे "कारण" नंतर जर्मनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. तिच्याकडून ते सवयीनं मध्येच पडायचं. कागदावर ती बाण काढून ते शेवटी न्यायची, तीन सेकंदांचं काम. पडद्यावर मात्र ती बॅकस्पेस दाबून धरायची, पार "वाइल" पर्यंत मागं जायची आणि अख्खं वाक्य नव्यानं लिहायची. ते लिहिताना नवीच चूक व्हायची.

तेव्हा सराव बदलला. कंट्रोल धरून बाणाचं बटण दाबलं की कर्सर एकेक शब्द उडी मारतो, एंड दाबलं की ओळीच्या टोकाला जातो. फक्त क्रियापद पुसायचं, टोकाला जाऊन ते टाइप करायचं, पुढं चालायचं. दुसरा नियम: परिच्छेद पूर्ण होईपर्यंत अर्थाची दुरुस्ती नाही. शब्द आठवला नाही तर तिथं दोन एक्स टाकून पुढं जायचं. शेवटी ते एक्स शोधून काढायचेच, नाहीतर तसेच जातील (एका सरावात गेलेही). आणि सुरुवातीला प्रश्नात दिलेल्या चार मुद्द्यांचे चार शब्द चौकटीतच वर टाइप करायचे, एकेक मुद्दा लिहून झाला की तो शब्द पुसायचा. चारांपैकी एक मुद्दा सुटला तर सुंदर भाषा असूनही गुण जातात, आणि पडद्यावर मुद्दे सुटतात ते प्रश्न वर सरकून नजरेआड झाल्यामुळे.

सरावात आणखी एक सापळा असतो. घरचा वर्ड चुकलेला शब्द लाल रेघेनं दाखवतो, मोबाईल तर परस्पर सुधारूनच टाकतो. परीक्षेत असलं कुणी मदतीला नसतं. वर्डच्या प्रूफिंग पर्यायांत जाऊन तपासणी बंद करायची. नवीन विंडोजच्या नोटपॅडमध्येही आता स्पेलिंग तपासणी आली आहे, तीही बंद. हे केल्यावर पहिल्या दिवशी तिच्या चुका एकदम वाढल्या. चुका तेवढ्याच होत्या, आजवर रेघ त्या दाखवत होती म्हणून ती न शिकताच दुरुस्त करत होती.

वाचन आणि ऐकण्याबद्दल थोडक्यात, कारण तिथं तिला फारसा त्रास नव्हता. वाचनाचे पाच भाग, ३० प्रश्न. मोबाईलवर सराव केला तर मजकूर आणि प्रश्न शेजारी-शेजारी पाहायची सवयच लागत नाही, म्हणून लॅपटॉप किंवा एखाद्या संगणक वर्गातलं मशीन तासावर घ्यावं. ग्योथेच्या संकेतस्थळावर सराव संच फुकट आहेत. ओळ हरवत असेल तर माउसचा बाण ओळीवर ठेवून वाचायचं, जसं आपण पुस्तकात बोट ठेवतो. ऐकण्यात पहिला आणि तिसरा भाग एकदाच ऐकवतात, दुसरा आणि चौथा दोनदा. पेन्सिलीनं अधोरेखित करायची सवय असलेल्यांनी प्रत्येक विधानाचा एकच कळीचा शब्द मनात म्हणून ठेवावा. कॉम्प्युटरचा एक फायदाही इथं आहे: उत्तरं वेगळ्या पत्रिकेवर उतरवताना एक ओळ चुकली आणि पुढची सगळी सरकली, हा कागदावरचा जुना घात टळतो.

तिनं विचारलं, मध्येच मशीन अडकलं तर? हात वर करायचा, लगेच, आणि स्वतः कुठलंही बटण दाबायचं नाही. पेपर संपल्यावर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. आणि रात्रपाळी करून, रात्रीच्या गाडीनं २३० किलोमीटर पुण्याला जाऊन, पहाटे स्वारगेटला चहा पिऊन थेट परीक्षेला बसायचा तिचा विचार होता. त्यावर मात्र ठाम नकार दिला. खंबाटकीत गाडी अडकली तर काय, हा प्रश्न वेगळाच. आदल्या दुपारीच पोहोचायचं.

पाच आठवड्यांनी तीच मोजमापं पुन्हा केली. टाइप केलेलं लेखन ५१ मिनिटांवर आलं होतं, पुसण्याच्या रेघा नऊ. मग हातानं लिहिलेला आणि टाइप केलेला, असे दोन ताजे निबंध शेजारी ठेवून तिच्या क्लासच्या बाईंकडून तपासून घेतले. दोन्हींत चुका जवळपास सारख्याच. "ओब्वोल" म्हणजे "जरी" नंतरचं क्रियापद आणि विशेषणांचे प्रत्यय, कागदावरही आणि पडद्यावरही. ती बराच वेळ दोन्ही पानांकडे बघत राहिली.

"म्हणजे कॉम्प्युटर नव्हताच की."

"थोडा होता. एवढा नव्हता."

तिनं वाचन, ऐकणं आणि बोलणं या तीन भागांचा फॉर्म ठरलेल्या तारखेचा भरला. लेखन पुढच्या तारखेला ठेवलं, डिजिटलच.