तोंड आलंय, लवंगेचं तेल लावू का?

प्रश्न : डॉक्टर, मी साताऱ्याचा, महिन्या-दोन महिन्यांनी तोंड येतं, खर्डा-भाकरी लांबच, चहासुद्धा झोंबतो. आईनं कापसानं लवंगेचं तेल लावलं तर डोळ्यातनं पाणीच आलं. त्यानं जंतू मरतात म्हणे, खरंय का?

उत्तर : मरतात की, लवंगेतलं युजेनॉल जंतू मारतं, जागा बधिरही करतं, पण असं तोंड बहुतेक वेळा जंतूंमुळं आलेलंच नसतं ना! शिवाय नुसतं तेल लावलं की आतली नाजूक कातडी भाजते, म्हणून ते पाणी. जंतू मारायचं म्हणून टी ट्री ऑइल (टी ट्री नावाच्या झाडाच्या पानांचं तेल) लावाल, तर ते पोटात गेलं की विषारी, तोंडात नकोच. मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरा, खर्डा आठवडाभर बंद (सातारकराला अवघड, माहितीय). साधा फोड 7 ते 14 दिवसांत जातो. सारखं येतंय तर रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व आणि लोह तपासून घ्या, आणि 3 आठवडे झाले तरी एकच फोड तसाच असेल, तर तेल-बिल सोडा, सरळ दाखवायला या, तंबाखूची सवय असेल तर नक्कीच.