कोरियात इंग्रजी शिकवताना

प्रश्न : इंग्रजीत एम.ए., बी.एड. झालं आहे. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जाता येईल का?

उत्तर : येईल, पण वाट एकच. इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका एवढ्यांच्याच नागरिकांसाठी आहे. भारतीयांना सवलत मिळाली ती १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे, तीही सरकारी शाळेतल्या सहायक शिक्षकापुरती. पदवी आणि शिक्षक-पात्रता दोन्ही हवीत. तिथल्या खासगी क्लासांना, म्हणजे 'हागवन'ना, ही सवलत नाही. एजंट हागवनमधली नोकरी देतो म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका. पदवीवरचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, आणि पोलिसांचा दाखला मात्र आधीपासूनच काढायला घ्या.

प्रश्न : कोरियातल्या प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. मुलं 'स्ट्राइक'ला 'सु-तु-रा-इ-कु' म्हणतात, 'फाइल'ला 'पाइल'. कितीही घोकून घेतलं तरी फरक पडत नाही.

उत्तर : घोकून घेणं आधी थांबवा, त्याने चूकच पक्की होते. कोरियनमध्ये अशी जोडव्यंजनं नसतात. म्हणून मुलं प्रत्येक सुट्या व्यंजनाला स्वर लावतात आणि एका ठोक्याचा शब्द पाच ठोक्यांचा होतो. त्यांना तो ऐकूही तसाच येतो, तेव्हा सुरुवात कानापासून करा. शब्द तुम्ही म्हणा, ठोके मुलांनी टाळीने मोजायचे. त्यांच्या पाच टाळ्या पडतील, तुम्ही एकच वाजवून दाखवा. मग शब्द शेवटाकडून बांधा: आइक, राइक, ट्राइक, स्ट्राइक. मध्ये स्वर घुसला की एक पायरी मागे या. ४० मिनिटांच्या तासात याला रोज पाच मिनिटं पुरेत. इंग्रजी शब्दावर हंगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, उच्चार लिहायला मात्र सक्त मनाई करा. त्या लिपीत लिहिलं की तो स्वर आपोआप येतोच.

'फाइल'च्या बाबतीत आधी स्वतःचे ओठ आरशात पाहा. 'फळ' म्हणताना आपले दोन्ही ओठ मिटत असतील, तर तसाच महाप्राण आवाज कोरियनमध्येही आहे, आणि मुलांना तोच ऐकू येतो. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून नुसती हवा सोडा, आवाज लांबवा, मग शब्दाचा पुढचा भाग जोडा. मुलांच्या हातातही आरसा द्या. त्याच जागेवरून कंठ थरथरवला की 'व्ही' होतो. तो जमला नाही, तर मुलांचं 'व्हेरी' 'बेरी'च राहील. आपण व्ही आणि डब्ल्यू एकाच 'व'वर भागवतो, म्हणून हा सराव वर्गात जाण्याआधी तुम्ही करायचा.